सातव्या होलवरची म्हैस

“मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो. “आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल.”

डॉक्टर खोत क्लबच्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल काडीने खरवडत होते. दातांचे डॉक्टर. कोल्हापूरचा दवाखाना मुलाच्या हवाली करून नुकतेच आमच्या आंबेखिंडीत राहायला आलेले. त्या सकाळी त्यांनी आमचा सातवा होल पहिल्यांदा खेळला आणि बॅगेत होते नव्हते तेवढे चेंडू ओढ्याला वाहून आले. आल्याआल्या बॅग आपटून म्हणाले, “हा होल ज्याने केला त्याला गोल्फ कळत नसणार, नाहीतर माणसं आवडत नसणार.”

“होल मी केला,” मी म्हणालो. आणि मग ते वरचं वाक्य टाकलं.

कोपऱ्यात वसुधाताई सरनोबत सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. हायस्कुलातून हेडबाई म्हणून निवृत्त झाल्या, आता क्लबच्या अध्यक्ष आहेत, आणि मला काका म्हणतात. सातव्या होलची जमीन त्यांच्या वडिलांची.

“काका, सगळं सांगणार?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“अगदी सगळं.”

“मग शेंगा संपेपर्यंत बसते मी.”

आता ऐका.

तेव्हा मी पाटबंधारे खात्यातून सुटून नुकताच क्लबचा सेक्रेटरी झालो होतो. पगार नावाला, पण क्लबच्या मागच्या दोन खोल्या राहायला होत्या. मी आणि आमची मंडळी, आणि खिडकीतून दिसणारं हिरवंगार रान. मला गोल्फ खेळता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण मी खेळायला लागलो की बाकीचे क्लब सोडून जायला लागायचे, म्हणून मीच मोठ्या मनाने थांबलो.

“सुरुवात झाली,” डॉक्टर म्हणाले.

आमचा कोर्स नऊ होलांचा. त्यातले आठ क्लबच्या जमिनीवर आणि सातवा रावसाहेब सरनोबतांच्या. कागद नाही, करार नाही. रावसाहेबांच्या वडिलांनी कधीकाळी कुणाला तरी “खेळा तिकडे” म्हटलं होतं, तेवढ्या शब्दावर सगळं चाललेलं. आणि आठ होलांचा कोर्स कुठे नसतो. सातवा गेला की क्लबला कुलूप, आणि क्लबला कुलूप म्हणजे आमचं बिऱ्हाड रस्त्यावर.

त्या वर्षी चैत्रात रावसाहेबांच्या पत्नी, माईसाहेब, गेल्या. तेव्हापासून रावसाहेब एका जागी बसेनात. आमच्या व्हरांड्यात येत, खुर्ची मागवत, खुर्ची आली की उठून उभे राहत. चहा मागवत आणि तो येईपर्यंत फाटकाशी पोचलेले असत. चहा घेऊन नोकर मागे धावे. घरातली घोडागाडी विकली, ग्रामोफोन विकला, जेवणाचं टेबल विकून टाकलं आणि उभ्याने जेवायला लागले. दिवसभर गावात त्यांच्या काठीची टकटक ऐकू यायची, आज इकडून तर उद्या तिकडून. आणखी एक गोष्ट होती. त्यांची नजर जात चालली होती. ते बशीच्या बाहेर चहा ओतत आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत असू. याबद्दल कुणी बोलायचं नाही, असं कुणीही न ठरवता ठरलेलं होतं. रावसाहेब म्हणाले, “काय सुंदर ऊन पडलंय,” की भर ढगात आम्ही “व्वा” म्हणायचो.

असेच एका सकाळी आले आणि उभ्याउभ्या म्हणाले, “इंगवले, सातव्याची जमीन मी वीटभट्टीला देतोय.”

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. “का हो रावसाहेब?”

“वाईट होल आहे. वाईट गोष्ट किती दिवस सांभाळायची?”

“वाईट काय आहे त्यात?”

“चला. दाखवतो.”

आणि निघालेसुद्धा. मी एका पायात चप्पल घालून मागे.

सातव्याच्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या चौथऱ्यावर, त्यांनी मला उभं केलं. खालून वारा असा यायचा की धोतर डोक्यावर जावं. तो वारा तिथे अजून आहे, कधी थांबत नाही.

“काय दिसतं?” रावसाहेबांनी विचारलं.

“आभाळ.”

“आणखी?”

“उजवीकडे जांभळीचा शेंडा.”

“झेंडा दिसतो? होलचा?”

“नाही दिसत.”

“म्हणजे मला जे दिसत नाही ते तुम्हालाही दिसत नाही. मग झालो की दोघं सारखे.” आपल्या डोळ्यांबद्दल ते एवढंच एकदा बोलले. लगेच काठी आपटत उतरायला लागले. “पुढे या. हा ओढा. चेंडू याच्यावरून गेलाच पाहिजे, दुसरी वाटच ठेवलेली नाही. ज्याच्या मनगटात जोर नाही त्याचा ओढ्यात. ठीक. आता पलीकडे चला.”

साकवावरून आम्ही पलीकडे गेलो. तिथे ग्रीन, म्हणजे बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, ज्याच्यात ते भोक असतं. तो तुकडा ओढ्याकडे उतरता होता, कौलारू घराच्या पाखीसारखा. रावसाहेबांनी खिशातून चेंडू काढून भोकापाशी ठेवला. चेंडू क्षणभर थांबला, मग घरंगळत निघाला आणि खाली डुबुक झाला.

“ऐकलंत? ज्याच्या मनगटात जोर आहे त्याचाही ओढ्यात. फक्त वरून फिरून. मग खेळणाऱ्याने इथे विचार कशाचा करायचा? होल कसा पाहिजे, इंगवले? धाडस असेल त्याला सरळ वाट पाहिजे, नसेल त्याला वळसा पाहिजे, आणि उभं राहिल्यावर ठरवता आलं पाहिजे की आज आपण कोण. इथे नुसतं उभं राहायचं आणि बुडायचं.”

“दुरुस्त करता येईल,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

“कोण करणार?”

“मी.”

“तुम्हाला गोल्फमधलं काय कळतं?”

“गोल्फमधलं काही नाही. पण उतार कळतो. जन्मभर पाणीच वळवलंय मी.”

रावसाहेब थांबले. म्हणजे काठी थांबली, पाय चाळवत होतेच. “दसऱ्यापर्यंत करा. मी स्वतः येऊन खेळणार. पटला तर जमीन क्लबच्या नावे कायमची लिहून देतो. नाही पटला तर वीटवाला पेढे घेऊन तयार आहे.”

आता इथे माझी एक चूक झाली, पण ती चूक आमच्या मुलखातच होऊ शकते. रावसाहेब म्हणाले होते, पाखीसारखा उतार वाईट. मी म्हटलं, मग सपाट करू. पावसाळा तोंडावर होता. हौसाबाईची टोळी बोलावली. घाटमाथ्यावर भातलावणीला हिच्या टोळीसारखी टोळी नव्हती. तिला मी म्हणालो, “हौसाबाई, हा तुकडा मला एकसारखा सपाट पाहिजे. आणि कडेला जरा उंचवटा, म्हणजे चेंडू बाहेर जाणार नाही.”

“एवढंच न्हवं? करतो की.”

मी दोन दिवस तालुक्याला गेलो गवताचं बी आणायला. इकडे पाऊस लागला. परत येऊन बघतो तर ग्रीन मला आणि आभाळाला आरशासारखं दाखवतंय. मधे घोट्याएवढं पाणी, कडेने नीट थापलेला बांध, आणि पाण्यात एका रेषेत लावलेली भाताची रोपं. मधोमध झेंडा, बुजगावण्यासारखा.

“हौसाबाई! हे काय केलंस?”

“का? वाकडं झालंय व्हय कुठं?”

“अगं भात का लावलास?”

“तुमीच म्हनाला की, सपाट करा, बांध घाला. मग खाचर न्हाई तर काय म्हनायचं त्याला? चिखलनी झाल्यावर रिकामं ठेवत्यात व्हय कुनी? आमची रोपं उरलीवती, लावून टाकली. पैसं नगो तुमचं.”

मला ओरडायचं होतं, पण त्या लावणीत खोट काढायला जागा नव्हती. तेवढ्यात काठीची टकटक आली. रावसाहेब. मी हौसाबाईला गप्प राहायची खूण केली. रावसाहेब सरळ ग्रीनवर चढले, आणि पाय पाण्यात गेल्यावर थांबले. काठीने रोपं चाचपली. वाकून एकाची पात बोटांत धरली.

“इंगवले, हे काय?”

“भात आहे, रावसाहेब.”

“कुठला?”

मी हौसाबाईकडे बघितलं. “घनसाळ,” ती म्हणाली.

“ओळ सरळ आहे?”

“दोरी लावून केलीय की, सरकार.”

रावसाहेबांचे ओठ जरा हलले. हसू येणार असं वाटलं, पण ते आत कुठेतरी अडकलं आणि परत गेलं. “आमच्याकडे दसऱ्याला घनसाळच लागतो,” एवढं म्हणून चिखलाचे पाय तसेच घेऊन ते चालते झाले.

रोपं हौसाबाईने दुसऱ्या दिवशी आपल्या रानात हलवली. पण एक सांगतो डॉक्टर, त्या रोपांना गोल्फचा गुण लागला तो लागलाच. तो तांदूळ शिजवून ताटात वाढला की शीतन् शीत घरंगळत मधे जमायचं. मधे बोटाने खड्डा केला तर—

“आबा, तांदूळ राहू द्या,” डॉक्टर मला थांबवत म्हणाले. “होलचं बोला. माझे चेंडू गेलेत.”

बरं. होलचं.

सपाट करून चालत नाही हे मला पाण्याने शिकवलं. सपाट म्हणजे पाणी साचलं. पाण्याला जायला वाट लागते, तशी चेंडूलाही. मग मी माझी जुनी पद्धत काढली. बादली घ्यायची, ओतायची, आणि पाणी कुठे जातं ते बघत बसायचं. सबंध श्रावण मी सातव्यावर बादल्या ओतल्या. वरून पाऊस पडतोय, डोक्यावर इरलं, आणि खाली मी बादल्या ओततोय. लोक लांबून बघायचे आणि आमच्या मंडळींना जाऊन सांगायचे. घरीही चैन पडेना. उठायचं, बसायचं. एकदा स्वयंपाकघरात तांब्या उपडा करून बघत होतो, पाणी चुलीकडे जातं का मोरीकडे. मंडळी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, इथे सातवा होल नाही. इथे मी आहे.”

पण बादल्यांनी मला एक गोष्ट दाखवली. ओढ्याच्या पलीकडे डाव्या हाताला एक पट्टी होती, काटेरी झुडपांनी भरलेली. दुपारी गुराख्यांच्या म्हशी तिथे उभ्या राहायच्या, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिथे पाणी ओतलं की ते ओढ्यात जात नसे. मागच्या टेकाडाला धरून हळूच वळायचं आणि ग्रीनच्या पोटात यायचं. वळसा तिथे आधीच होता. कुणी उघडला नव्हता इतकंच.

मग मी काम काढलं. टी उचलून डावीकडच्या उंचवट्यावर नेली, तिथून झेंडा पायथ्यापर्यंत दिसतो. झुडपं काढून पट्टीवर बारीक गवत केलं. ज्याला ओढ्याची भीती वाटते त्याने डावीकडे, ओढा जिथे चिंचोळा आहे तिथून, या पट्टीवर मारायचं. एक फटका जास्त लागेल, पण पुढचं काम उतार करतो. ज्याला खुमखुमी आहे त्याने सरळ झेंड्यावर जावं. ग्रीनची पाखी मोडली, ओढ्याकडची कड ओठासारखी जरा उचलली, मागून पुढे हलका उतार दिला.

“आणि ते जांभूळ?” डॉक्टर म्हणाले. “माझे दोन त्याच्यातच आपटून गेले. ते का नाही तोडलं?”

सगळे मला तोडाच म्हणत होते. पण रावसाहेब म्हणाले, “ते काढलंत तर जोर असणारा माणूस डोळे मिटून मारील. राहू द्या. त्यालाही जरा विचार करू दे.” तुमच्यासाठीच ठेवलंय ते, डॉक्टर. तुम्ही डावीकडे का नाही मारलंत?

डॉक्टर काडीने बूट जोरात खरवडायला लागले. वसुधाताईंनी एक शेंग फटकन फोडली.

रावसाहेब रोज येत. जोडे काढून ग्रीनवर अनवाणी फिरत. “इथे टाच चढते, काढा,” म्हणत. “इथे पाणी थांबेल.” आणि तिथे पाणी थांबायचंच. कधी नुसतेच येरझाऱ्या घालत, पट्टीवरून ग्रीनवर, ग्रीनवरून पट्टीवर. मी म्हणायचो, “बसा की जरा रावसाहेब.” ते म्हणायचे, “बसून काय करू?” होल आवडला का, हे मात्र त्यांनी ओठावर येऊ दिलं नाही. मी विचारलं की म्हणत, “दसऱ्याला.”

दसरा आला. सकाळीच वीटवाल्याची जीप साकवाच्या अलीकडे येऊन उभी. आत तो, आणि मांडीवर पेढ्यांचा पुडा. मला बघून त्याने हात केला. मी न बघितल्यासारखं केलं. आमच्या मंडळींनी घरात देव पाण्यात ठेवले होते. मी पहाटेपासून झेंडा सरळ करत होतो. वारा तो फडफडवत होता, मी पकडत होतो.

रावसाहेब आले. काळा कोट, डोक्याला फेटा. मागे वसुधाताई, खांद्यावर वडिलांची बॅग. तेव्हा त्या नव्याने मास्तरीण झाल्या होत्या आणि वडिलांना एकटं सोडत नव्हत्या.

टीवर उभं राहून रावसाहेबांनी वाऱ्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, “इंगवले, तुम्ही पुढे जा. ग्रीनवर झेंडा धरून उभे राहा. चेंडू कुठे पडला ते तुम्ही सांगायचं.”

“वसुधाताई आहेत की इथे—”

“वसुधा बोलणार नाही. ती माझं मन राखते. तुम्ही सांगायचं. तुमचा होल आहे.”

मी साकव ओलांडून पळत ग्रीनवर गेलो. झेंडा धरला. तिथून टी छान दिसते. रावसाहेब वाकले. बराच वेळ खाली काहीतरी चाचपत होते, चेंडू नीट ठेवत असणार. मग उभे राहिले. वारा पडला, देवाशपथ, त्या जागेवर पहिल्यांदा आणि शेवटचं वारा पडला. जीपमधला वीटवाला उभा राहिला. रावसाहेबांनी बॅगेतली गोल्फची काठी मागे नेली आणि फिरवली. सप्प! आवाज मला इकडे ऐकू आला. इतका देखणा फटका त्या क्लबमध्ये कुणी मारला नसेल.

“आणि चेंडू?” डॉक्टरांनी विचारलं. बूट तसाच हातात.

चेंडू असा वर गेला की मला मान मोडावी लागली. गेला, गेला, आणि दिसेनासा झाला. मी आभाळ बघतोय, ओढा बघतोय, पट्टी बघतोय. काही नाही. डुबुक नाही, टप्प नाही. तिकडून रावसाहेबांची हाक आली, “काय झालं?” मी म्हटलं, “थांबा!” टेकाडामागे बघितलं. जांभळीखाली बघितलं. “इंगवले, काय झालं?” वीटवाला जीपमधून उतरला, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी धावत परत झेंड्यापाशी आलो. वाकलो.

आणि काय सांगू तुम्हाला. चेंडू होलमध्ये!

“एका फटक्यात?”

एका फटक्यात. मी झेंडा उपटून दोन्ही हातांनी नाचवला. “रावसाहेब, आत गेला! होलमध्ये गेला!” असा ओरडलो की घशातून पुढे आठवडाभर आवाज नाही.

रावसाहेब साकवावरून आले. एका हाताने काठी, दुसरा वसुधाताईंच्या खांद्यावर. चेहरा एकदम गंभीर.

“तुम्ही स्वतः बघितलंत?”

“या डोळ्यांनी, रावसाहेब.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“सरळ आला?”

“सरळ कसला! म्हणजे... आधी सरळ, मग जरासा वळून.”

“मला वाटलं जांभळीला लागला. पानांचा आवाज आल्यासारखा वाटला.”

“लागला ना! शेंड्याला. शेंड्याला लागून डावीकडे उडाला.”

“एखादा बगळा उठला का? पंख वाजल्यासारखे झाले.”

“बगळा उठला, रावसाहेब. पांढराशुभ्र. त्याच्या पंखाला घासूनच चेंडू खाली आला.”

रावसाहेबांनी मान डोलावली. काठीने जमीन टोकरत, जपून विचारलं, “मग पट्टीवर म्हैस होती का हो? कशावर तरी मऊ आपटल्यासारखा आवाज झाला मला.”

आता बघा डॉक्टर, त्या गडबडीत मी म्हैस विसरूनच गेलो असतो. रावसाहेबांनी विचारलं म्हणून आठवली. “होती की!” मी म्हणालो. “पाठीवर टप्पा पडला तिच्या. बघितलंसुद्धा नाही तिने वळून. तिथून चेंडू पट्टीवर, पट्टीवरून टेकाडाला धरून वळला, माझ्या उतारावरून ग्रीनच्या पोटात आला, भोकाभोवती एक पुरी प्रदक्षिणा घातली आणि टक्!”

“प्रदक्षिणा कुठल्या बाजूने?”

“उजवी घालून, रावसाहेब. रीतसर.”

वसुधाताई तोंडाला पदर लावून ओढ्याकडे बघत होत्या. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले असणार.

सुपातली शेंग फुटायची थांबली होती, पण मी रंगात होतो, तिकडे लक्ष दिलं नाही.

रावसाहेब गुडघ्यावर बसले. हाताने गवत चाचपत भोक शोधलं, आत बोटं घालून चेंडू काढला. अंगठ्याने तो गोल फिरवून बघितला. दुसरा हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला आणि तो तिथेच राहिला. बराच वेळ तसे होते. एका हातात चेंडू, एक हात खिशात. मला वाटलं, झालं, यांना काही तरी खुपलं. वीटवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिलेला. मग रावसाहेबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. माईसाहेबांची आठवण आली असेल.

रडत नव्हते. हसत होते. आधी आवाजच नाही, नुसते खांदे. मग आवाज फुटला. मग फेटा सुटला. आणि चैत्रापासून ज्या माणसाने कुठे बूड टेकलं नव्हतं, तो माणूस ग्रीनच्या मधोमध मांडी घालून बसला आणि पोट धरून हसला. हसता हसता मला म्हणाला, “बसा इंगवले.” मी बसलो. “वसुधा, बस.” त्याही बसल्या. वीटवाल्याला कुणी म्हटलं नाही, तरी तोही बसला.

“उतार उत्तम आहे,” रावसाहेब डोळे पुसत म्हणाले. “इतका चांगला उतार मी जन्मात बघितला नाही. चेंडू कुठूनही येतो.” मग वीटवाल्याकडे तोंड करून, “पेढे आणलेत? द्या. भट्टीसाठी दुसरी जागा बघा. आणि इंगवले, सेक्रेटरी तुम्हीच राहायचं. मी आहे तोवर तुम्हाला कुणी काढणार नाही.”

पुढच्या आठवड्यात जमीन क्लबच्या नावे झाली. रावसाहेब त्यानंतर रोज संध्याकाळी सातव्यावर यायचे, टीच्या बाकावर तासन् तास बसायचे आणि कोण डावीकडे जातो, कोण सरळ, ते आवाजावरून ओळखायचे. ओढ्याच्या बाजूला डुबुक झालं की म्हणायचे, “आज म्हैस नाही वाटतं.”

“तर डॉक्टर,” मी म्हणालो, “होल असा आहे. ज्याला धड दिसत नव्हतं त्याचा चेंडू एका फटक्यात आत गेला. आता तुमचे गेले ओढ्यात, तर दोष कुणाचा?”

डॉक्टरांनी बूट खाली ठेवला. “आबा, जांभूळ मानलं. बगळा मानला. पण म्हशीच्या पाठीवर टप्पा?”

“वसुधाताईंना विचारा. त्या होत्या तिथे. हेडबाई आहेत, खोटं बोलणार नाहीत.”

वसुधाताईंनी सूप बाजूला ठेवलं, पदरावरची टरफलं झटकली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं.

“काका, साफ खोटं. टीवर चेंडूच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी बाबांच्या हातात दिलेला चेंडू त्यांनी कोटाच्या खिशात टाकला आणि मोकळी काठी फिरवली. मला म्हणाले, ‘माई गेल्यापासून मी म्हणेन त्याला सगळे हो म्हणतात. बघू, हा तरी नाही म्हणतो का.’ एक चेंडू खिशात, तुम्ही भोकात ठेवलेला हातात, घरापर्यंत हसत आले त्या दिवशी. आणि म्हैस बाबांनी सोडली होती तुमच्यावर. तुम्ही तिची धारसुद्धा काढलीत.”